घरच्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर लावला, घरात चालतो पण बाहेरून उघडत नाही. नेटवर्किंग कोणत्या क्रमाने शिकू?

सातारा_शिकाऊ

नमस्कार मंडळी. नेटवर्किंग आणि सर्व्हर सांभाळणं पायापासून शिकायचं आहे. नुसते व्हिडिओ बघून भागत नाही, म्हणून हाताने करायला घेतलं. सामान असं आहे: जुना लॅपटॉप (४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, बॅटरी मेलेली), त्यावर डेबियन १२, डेस्कटॉप न घेता. फायबरवाल्याने बसवलेला राउटर आणि त्यापासून लॅपटॉपपर्यंत साधारण १५ मीटर केबल, दुकानातून क्रिंप करून आणलेली. लॅपटॉपवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू आहे.

आता कुठे अडलंय ते सांगतो.

१) घरच्या वायफायवर फोनमध्ये १९२.१६८.१.१०७ टाकलं की एनजिनएक्सचं पान दिसतं. राउटरमध्ये पोर्ट ८० (वेब पानांचं दार) लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलाय. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता मोबाइल डेटावरून उघडला, तर चक्र फिरत राहतं आणि शेवटी टाइम आउट. लॅपटॉपवर फायरवॉल अजून लावलेली नाही.

२) रात्री वीज गेली. सकाळी १०७ वर एसएसएच (दुरून लॉगइन) लागेना. राउटरच्या यादीत बघितलं तर लॅपटॉप ११२ वर गेलेला.

३) प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. फोनला वायफायवर १८० मिळतात, लॅपटॉपला केबल असून ९४ च्या वर जात नाही.

४) आयपी पत्त्यामागचे स्लॅश २४, स्लॅश २६ (सबनेट मास्क) पाठ करतोय, पण डोक्यात बसत नाही.

क्लास लावावा का, हेही सांगा.

गेटवे_पुणे

पहिल्या प्रश्नाचं घेते. कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द 'टाइम आउट' आहे. कनेक्शन जुळलं नाही की दोन गोष्टींपैकी एक घडलेली असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून मशीनने लगेच नकार परत पाठवला. 'टाइम आउट' आलं तर उत्तरच आलं नाही: पॅकेट वाटेत हरवलं, फायरवॉलने गुपचूप टाकून दिलं किंवा उत्तराला परतीची वाट नव्हती. हा फरक अंगवळणी पडला की निम्मा शोध तिथेच संपतो. तुमचं टाइम आउट आहे आणि घरातून पान दिसतंय, म्हणजे एनजिनएक्सच्या फाइली उघडूच नका.

पॅकेट लॅपटॉपपर्यंत येतंय का ते डोळ्यांनी बघा. 'आयपी लिंक' या कमांडने केबलच्या कार्डाचं नाव मिळेल, समजा ईएनपी२एस०. मग 'सुडो टीसीपीडंप -एनआय ईएनपी२एस० पोर्ट ८०' (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पान उघडा. वायफाय बंद करायला विसरू नका, कारण घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडला तर अनेक राउटर ते पॅकेट आत वळवत नाहीत आणि चाचणी फसवी ठरते. टीसीपीडंपच्या पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे.

आता राउटरच्या पानावर स्टेटसमध्ये 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि साइटवर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमचाच आहे, मग चूक पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये किंवा कंपनीने ८० अडवलाय. अशा वेळी बाहेरचा ८०८० आतल्या ८० कडे वळवून बघा. वॅनचा पत्ता १०.x किंवा १९२.१६८.x असेल तर वर अजून एक नॅट (अनेक पत्ते एका पत्त्यामागे झाकणारी सोय) बसलंय, घरात दोन राउटर एकामागे एक असले तरी असंच दिसतं. आणि पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला असेल तर तुम्ही कॅरिअर-ग्रेड नॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते पुरेनात म्हणून कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, आणि त्यासाठी १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ साली वेगळा राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग अगदी बरोबर असलं तरी कंपनीच्या नॅटपाशी आलेल्या पॅकेटला, ते कुठल्या ग्राहकाचं, हे कळायला मार्ग नसतो.

आणखी एक. तुमचं फॉरवर्डिंग १०७ कडे आहे आणि लॅपटॉप ११२ वर गेलाय. चाचणीआधी ते दुरुस्त करा.

सातारा_शिकाऊ

फॉरवर्डिंग ११२ कडे केलं आणि परत बघितलं. टीसीपीडंपमध्ये एकही ओळ नाही. वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. म्हणजे नॅटच. आता काय करता येईल?

क्रिंपर_कोल्हापूर

नॅटचं ताई सांगतीलच, मी ९४ चं सांगतो. ९४ हा आकडा दिसला की इंटरनेटकडे बोट दाखवायचं नाही. १०० एमबीपीएसच्या लिंकवर हेडर वगैरे जाऊन हातात ९४च्या आसपासच पडतं. म्हणजे लॅपटॉप आणि राउटर आपापसात १०० वर बोलतायत.

'सुडो इथटूल ईएनपी२एस०' करा. 'स्पीड' मध्ये १०० दिसेल. त्याच उत्तरात 'लिंक पार्टनर' म्हणजे समोरचा काय काय देऊ शकतो याची यादी असते. तिथे १००० नसेल तर राउटरचं ते भोकच १०० चं आहे. फायबरच्या बऱ्याच डब्यांवर चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, त्याच्याशेजारी जीई किंवा १जी लिहिलेलं असतं. आधी तिथे लावून बघा, फुकटात सुटेल. यादीत १००० असूनही स्पीड १०० असेल, तर केबल.

कारण असं. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या, आठही तारा. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी नीट बसली नसली तर अनेक कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही.

प्लग परत मारायचा तर क्लिप खाली, तोंड आपल्यापासून लांब धरून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. मधे निळ्याची जोडी घुसते आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना फाकते, ते विचित्र वाटतं म्हणून नवशिके जोड्या ओळीने लावतात: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण साधा टेस्टर तार इकडून तिकडे जाते का एवढंच बघतो. पण पिन ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या की पीळ निरुपयोगी होतो, सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि लिंक पडत-उठत राहते. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. बाहेरचं आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते.

तार कापलीच आहे तर ब्लेडने एक खरवडा. आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वाकवलं की मोडतं आणि लांब केबलवर दगा देतं. १५ मीटरसाठी अस्सल तांब्याची कॅट-५ई घेतली तरी गिगाबिट आरामात चालतं. १०० मीटरपर्यंतची ती हद्द आहे. महागड्या कॅट-७ ची गरज नाही.

गेटवे_पुणे

नॅटला तीन वाटा. एक, कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी घेणं. जादा पैसे पडतात आणि घरगुती प्लॅनवर सगळे देतात असं नाही. दोन, आयपीव्ही६. 'आयपी -६ ए' मध्ये २ ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो थेट सार्वजनिक आहे, तिथे नॅटच नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट उघडायचं. अट एकच, बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं.

तिसरी वाट शिकण्यासाठी सगळ्यात चांगली, असं माझं ठाम मत आहे: सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅम पुरे, आणि घरच्या लॅपटॉपने त्याच्याकडे वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (दोन मशीनमधली कूटबद्ध वाट) काढायचा. नॅट आत येणाऱ्याला अडवतं, बाहेर जाणाऱ्याला नाही. संभाषण आपण आतून सुरू केलं की उत्तरं त्याच वाटेने परत येतात.

दोन्हीकडे वायरगार्ड टाका. दोन्हीकडे आधी 'उमास्क ०७७' (नव्या फाइली फक्त आपल्यालाच वाचता याव्यात म्हणून), मग 'डब्ल्यूजी जेनकी' ने खाजगी किल्ली आणि 'डब्ल्यूजी पबकी' ने तिची सार्वजनिक जोडी. व्हीपीएसचा पत्ता १०.८.०.१/२४, लिसनपोर्ट ५१८२०, आणि पीअर विभागात लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली, अलाउड आयपीज (बोगद्यातून कोणते पत्ते जातील-येतील ते) १०.८.०.२/३२. लॅपटॉपचा पत्ता १०.८.०.२/२४, पीअरमध्ये व्हीपीएसची सार्वजनिक किल्ली, एंडपॉइंट म्हणून व्हीपीएसचा पत्ता आणि ५१८२०, अलाउड आयपीज १०.८.०.१/३२, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५. ही शेवटची ओळ लॅपटॉपच्या बाजूला हवीच. काही काळ पॅकेट गेलं नाही तर वाटेतलं नॅट ती नोंद पुसतं आणि मग व्हीपीएसला घर सापडत नाही. दर २५ सेकंदांचं एक छोटं पॅकेट ती नोंद जिवंत ठेवतं.

'सुडो डब्ल्यूजी शो' मध्ये 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांची शेवटची ओळख पटल्याची वेळ) दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आधी बघा की व्हीपीएसवर ५१८२० यूडीपी उघडलाय का. वायरगार्ड यूडीपीवर चालतं, पण हात सवयीने टीसीपी लिहितो. व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्येही वेगळी फायरवॉल असू शकते, ती लोक विसरतात. मग किल्ल्या बघा: पीअरमध्ये नेहमी समोरच्याची सार्वजनिक.

इंटरनेटवरच्या नमुन्यांत लॅपटॉपकडे अलाउड आयपीज ०.०.०.०/० लिहिलेलं असतं. ते उचलू नका. मग लॅपटॉपची सगळीच रहदारी बोगद्यात शिरते, आणि पलीकडे फॉरवर्डिंग लावलेलं नसल्यामुळे लॅपटॉपचं इंटरनेट बंद. दुसरा फसवा दोष: हँडशेक होतं, पिंग जातं, पण मोठं पान अर्ध्यावर अडकतं. तिथे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघायचा. वायरगार्ड १४२० धरतं, म्हणजे १५०० मधून ८० वजा. पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनचा एमटीयू १४९२ असतो. बोगदा आयपीव्ही६ वरून जात असेल तर १४२० त्यात मावत नाही, १४१२ ठेवा. आयपीव्ही४ वरून ओझं ६० बाइटचंच असतं, तिथे १४२० चालतं.

शेवटी व्हीपीएसवर एनजिनएक्स टाकून त्याच्या प्रॉक्सी पासमध्ये (आलेली मागणी पुढे पाठवणारी ओळ) १०.८.०.२ चा पोर्ट ८० द्या.

पोर्टबावीस

दोन आणि चार नंबरचे प्रश्न राहिलेत.

पत्ता बदलला कारण बऱ्याच राउटरमध्ये डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याची) वही रॅममध्ये असते, वीज गेली की कोरी. वीज आल्यावर दुसऱ्या कुणीतरी १०७ आधी घेतला आणि लॅपटॉपला पुढचा मिळाला. सर्व्हरचा पत्ता असा नशिबावर सोडायचा नाही. राउटरच्या डीएचसीपी पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि १९२.१६८.१.१० बांधून टाका. मॅक केबलच्या कार्डाचा घ्या, वायफायचा वेगळा असतो. वाटपाची हद्द १०० ते १९९ करा, म्हणजे १० दुसऱ्या कुणाला जाणारच नाही. लॅपटॉपच्या आत हाताने स्थिर पत्ता लिहून हद्द तशीच ठेवली, तर एक दिवस तोच पत्ता एखाद्या टीव्हीलाही मिळतो. दोघांचं नेट अधूनमधून तुटतं आणि कारण लवकर सापडत नाही.

लॅपटॉप आहे म्हणून अजून एक: झाकण मिटलं की तो झोपेल. सिस्टमडीच्या लॉगइनडी डॉट कॉन्फ फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' ला 'इग्नोर' द्या आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. मेलेली बॅटरी फुगलेली असेल तर काढून टाका, ती चोवीस तास चार्जवर ठेवणं धोक्याचं आहे.

आता स्लॅश २६. पाठ करू नका, कापायला शिका. पत्ता ३२ बिटांचा. स्लॅशनंतरचा आकडा म्हणजे डावीकडून किती बिट नेटवर्कचे. २४ म्हणजे शेवटचे ८ बिट मोकळे, २५६ पत्ते. २६ म्हणजे ६ मोकळे, ६४ पत्ते. म्हणून शेवटच्या आकड्याचे चार वाफे पडतात: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. प्रत्येक वाफ्याचा पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, मधले ६२ वापरायला.

तुमचाच १०७ घ्या. /२६ मध्ये तो ६४–१२७ या वाफ्यात आणि ११२ त्याच्या शेजारी, पण राउटर १९२.१६८.१.१ पहिल्या वाफ्यात. लॅपटॉपवर १०७ हा पत्ता /२४ ऐवजी /२६ ने लावलात तर ११२ वर दुसरं कुणी असल्यास त्याला पिंग जाईल, पण १ हा गेटवे (बाहेर जायचं दार) द्यायला गेलात की 'नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे' म्हणून मशीन अडेल. कारण गेटवे आपल्याच वाफ्यात असावा लागतो. लॅपटॉपच्या पडद्यासमोर बसून (एसएसएचवरून नव्हे, तुटेल) हे मुद्दाम करून बघा. एकदा ही चूक स्वतः वाचली की मास्क विसरायला होत नाही.

व्हीपीएस घेतलात की त्याच दिवशी एसएसएच आवळा, सार्वजनिक पत्त्यावर पासवर्डचे अंदाज काही तासांतच सुरू होतात. क्रम मोडू नका. आपल्या मशीनवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९', मग 'एसएसएच-कॉपी-आयडी', मग किल्लीने आत शिरता येतं याची खात्री. त्यानंतरच 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो'. सेवा रीलोड करण्याआधी 'सुडो एसएसएचडी -टी', फाइलमध्ये चूक असेल तर इथेच कळते. जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगइन करून बघा आणि मगच जुनी बंद करा. बदल करूनही पासवर्ड चालतच असेल तर एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी या फोल्डरमध्ये बघा. क्लाउडच्या काही तयार इमेजमध्ये तिथे 'यस' लिहिलेली फाइल असते, आणि एसएसएचडी पहिली सापडलेली ओळ मानतो. फायरवॉलचंही तसंच: आधी 'यूएफडब्ल्यू अलाउ २२/टीसीपी', मग 'यूएफडब्ल्यू एनेबल'. उलट केलंत तर पुढचं लॉगइन कंपनीच्या वेब कन्सोलवरूनच.

क्लास: नोकरीसाठी सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंग प्रमाणपत्र) हवं असेल तर लावा, पण तीन महिने हे सगळं मोडून-जोडून झाल्यावर. मुद्दाम मोडायच्या दोन गोष्टी सांगतो. रिझॉल्व डॉट कॉन्फमध्ये चुकीचा पत्ता घाला: १.१.१.१ ला पिंग जातं, नावाने काहीच उघडत नाही, आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणजे काय ते समजतं. दुसरं, चालू प्रोग्रॅम लिहीत असलेली मोठी लॉग फाइल आरएमने उडवा. 'डीएफ -एच' डिस्क भरलेलीच दाखवेल, 'डीयू' ला काही सापडणार नाही. फाइलचं नाव गेलं, पण प्रोग्रॅमने ती धरून ठेवलीय. 'सुडो एलएसओएफ +एल१' मध्ये ती दिसते, आणि सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे कधी ना कधी भेटतंच.

सातारा_शिकाऊ

केबल जीई लिहिलेल्या पोर्टला लावली, इथटूलमध्ये १००० आलं. प्लगला हातही लावावा लागला नाही. रिझर्व्हेशन झालं. व्हीपीएस घेतला, हँडशेक दिसतंय, लॅपटॉपवरून १०.८.०.१ ला पिंग जातं. यूएफडब्ल्यू दोन्हीकडे लावलं, २२ उघडा ठेवून. व्हीपीएसवर ८० आणि ५१८२० यूडीपीही उघडले. पण मोबाइल डेटावरून पान उघडलं की बरोबर एक मिनिटाने '५०४ गेटवे टाइम आउट' येतं.

गेटवे_पुणे

५०४ आणि एक मिनिट, दोन्ही नोंदवलेत हे उत्तम. ५०२ लगेच आलं असतं तर लॅपटॉपने नकार दिला, म्हणजे तिथला एनजिनएक्स बंद, असं म्हटलं असतं. इथे व्हीपीएसच्या एनजिनएक्सने ६० सेकंद वाट पाहिली आणि लॅपटॉपकडून हूं की चूं नाही. पुन्हा टाइम आउटच, फक्त या वेळी अडवणारं लॅपटॉपवर आहे: तुमचंच यूएफडब्ल्यू. तिथे फक्त २२ उघडलात, आणि बाकीची आत येणारी पॅकेट ते नकार न देता टाकून देतं. बोगद्यातून आलेल्यांनाच ८० द्यायचा असेल तर लॅपटॉपवर:

'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ इन ऑन डब्ल्यूजी० टू एनी पोर्ट ८० प्रोटो टीसीपी'

मग आधी व्हीपीएसवरूनच 'कर्ल -आय १०.८.०.२' करा. २०० ओके आलं की मोबाइलवर बघा. आणि राउटरमधलं ते ८० चं फॉरवर्डिंग आता काढून टाका, त्याचं काम उरलेलं नाही.

सातारा_शिकाऊ

२०० ओके. मोबाइलवर पान उघडलं. लॅपटॉपवर टीसीपीडंप आता डब्ल्यूजी० वर लावलाय, १०.८.०.१ कडून येणारं एकेक पॅकेट दिसतंय.